पिन मिळेपर्यंत डुकरांना मुदत

२८ ऑक्टोबर १९७४. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. काल दिवस मावळताना शेजारच्या राहीबाईच्या रताळ्यात रानडुकरं शिरली. मी रायफल उचलली, नेम धरला, घोडा ओढला. टक्. पुन्हा टक्. एका डुकरानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं.

रायफल वडिलांची, आप्पांची. विलायती, १९११ची. अडतीस साली आप्पांनी हिनंच बिबट्या पाडला. मी अजून काही पाडलेलं नाही, कारण तसा योग आला नाही.

निदान : फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, तुटली. ती ज्यात बसते तो बोल्ट न उघडताच कळलं. हे रक्तातच असावं लागतं. वाईट एवढ्याचंच वाटतं की चारच दिवसांपूर्वी खंडेनवमीला हिची साग्रसंगीत पूजा झाली. सौ. दरवर्षी बोल्टला हळदकुंकू भरभरून लावते, वर तूप. तरी हिनं ऐनवेळी दगा दिला.

सौ. म्हणाली, आवं, रॉकेलनं धुऊन तरी बघा. यंत्रातलं हिला काय कळतं? शिवाय रॉकेल रेशनवर.

२९ ऑक्टोबर.
चावडीत सगळ्यांदेखत शब्द दिला. पिन मिळाली की आठ दिवसांत डुक्कर पाडतो. राहीबाई विधवा बाई, अर्धा एकर रताळी, शिवरात्रीच्या बाजारावर तिचं वर्ष चालतं. म्हणाली, लालासाब, तुमच्या शब्दावर राखण सोडू का? म्हटलं, खुशाल सोड.

११ नोव्हेंबर. सातारा.
बंदुकीचं दुकान. दुकानदार म्हणाला, इतक्या जुन्या मॉडेलचे पार्ट आता विलायतेतही मिळत नाहीत, आणि मिळाले तरी इंपोर्ट बंद. बोल्ट आणलाय का? आणला नव्हता. हत्याराचा प्राण परक्या हातात देत नसतात. पिनेचं चित्र काढून नेलं होतं, अंदाजानं. तो बराच वेळ बघून म्हणाला, हा मुळा आहे का? असल्या माणसाशी काय बोलणार.

कंदी पेढे घेऊन आलो. दिवस अगदीच वाया गेला नाही.

२ डिसेंबर. सांगली.
धन्यकुमारचं हार्डवेअरचं दुकान, आप्पांपासूनचा घरोबा. हसायला लागला. म्हणाला, आवं लालासाहेब, आमच्या घरात मुंगीला वाट सोडत्यात आणि तुमी माझ्याकडं डुकराचं सामान मागताय व्हय? चहा मात्र पाजला. वर लेथवाल्या रामगोंडाचा पत्ता दिला.

रामगोंडा म्हणाला, पिन कातून देतो, बोल्ट ठेवा. चित्र दाखवलं. त्यानं ते हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, मापाबिगार काय कातू, शेपूट?

सौ.नं सांगितलेली दोन किलो हळद घेतली. दरवर्षी एवढी हळद आमच्या घरात कुठं जिरते, देव जाणे.

१९ डिसेंबर.
आता वरच्या पातळीवर प्रयत्न. पुतण्या ज्ञानू फौजेत हवालदार, हत्यारं दुरुस्त करण्याच्या खात्यात. त्याला चार पानी पत्र लिहिलं, चित्रासह.

६ जानेवारी १९७५.
ज्ञानूचं कार्ड. एकच ओळ : काका, बोल्ट उघडून साफ केला का? हवालदार झाला तरी पोरकटपणा गेला नाही. उत्तर देणार नाही.

दुपारी राहीबाई आली. दोन वाफे गेले तिचे. कवा मारताय, म्हणाली. मी तिला इंपोर्टची परिस्थिती शांतपणे समजावली. ती म्हणाली, मला इलायतेचं नगं, वाफ्याचं सांगा.

संकल्प : उद्यापासून पहाटे पाचला उठून रिकाम्या रायफलीनं नेमाचा सराव.

७ जानेवारी. सकाळी ९.
थंडी फार.

२५ जानेवारी.
राहीबाईनं राखण परत सुरू केली. रॉकेलचा रिकामा डबा पहाटे पहाटे बडवते. सराव तर राहोच, झोपही होत नाही. तिला सांगायला गेलो की बाई, या गोंगाटानं डुकरं बुजतात, शिकारी माणसाला अडचण होते. म्हणाली, बुजावीत म्हणूनच बडवतीया.

तिच्या सुरात फरक पडलाय. आधी शब्दाला मान होता.

१६ फेब्रुवारी.
ज्ञानू रजेवर आला. येताच म्हणाला, काका, आणा ती बंदूक. चावडीत निम्मं गाव जमलं. रॉकेल कुणाकडं नव्हतं. राहीबाईनं स्वतःच्या चिमणीतलं आणून दिलं.

दोन मिनिटं लागली. बोल्टमधून बोटाएवढी वडी निघाली. पिवळी, मधे तांबड्या रेघा. वीस वर्षांचं हळदकुंकू तुपात थिजून दगड झालेलं. पिन शाबूत. ज्ञानू म्हणाला, काका, ह्यो बोल्ट हाय का देव्हारा? लोक पोट धरून हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

तांत्रिकदृष्ट्या माझं निदान चुकलेलं नाही. दोष पिनेपाशीच होता.

सौ.नं घरी हळदीची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. त्याचा जास्त राग आला.

१७ फेब्रुवारी.
ज्ञानूनं खाणीत एक बार काढला. नारळाच्या ठिकऱ्या. म्हणाला, लय झ्याक हत्यार हाय, आता वाट कशाची बघताय?

कशाचीच नाही. राहीबाईला निरोप दिला, उद्या डबा बंद.

१९ फेब्रुवारी. सकाळी.
काल चारलाच तिच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून बसलो. बांधावर राहीबाई, डबा उपडा घालून गप्प. उन्हं असतानाच डुकरीण आली. वीस हातांवर, मागं सहा पिल्लं. रायफल उचलली.

इथं कोण वाचतंय, म्हणून लिहितो. बोट घोड्यापर्यंत गेलंच नाही. आप्पांचा बिबट्या आठवला आणि रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला. डुकरिणीनं अख्खा वाफा उकरला आणि मी नेम धरून ते बघत राहिलो. खूप भीती वाटली.

शेवटी राहीबाईनंच डबा उचलला. डुकरं पळाली. माळ्याखाली येऊन तिनं विचारलं, काय झालं? म्हटलं, पिन अडकली. तिनं रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ऱ्हाऊ द्या लालासाब. घरला जावा, गार पडतंय.

आज दिवसभर कान देऊन होतो. गावात ती कुणाला काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं, भांडता तरी आलं असतं.

११ मार्च. महाशिवरात्र.
राहीबाईची रताळी परवा बाजारात गेली. राहिली तेवढी. सगळी तिनं डबा बडवून राखलेली. आमच्याकडे उपवासाला पाच पाठवली. नको म्हणणार होतो. गोड होती.

१३ ऑक्टोबर १९७५. खंडेनवमी.
सकाळी राहीबाईच्या दारावरून गेलो. ओट्यावर खुरपं, विळा आणि मधोमध तो डबा. पोचे पडलेला, पण घासून लख्ख. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. ती म्हणाली, आवं, हत्यार हाय माझं. मी चप्पल काढून डब्याला हात जोडले. कुणी बघत नव्हतं.

घरी येऊन रायफलीची पूजा यंदा मीच केली. सौ. म्हणाली, औंदा बोल्टला नुसतं बोट लावा, ठाव हाय न्हवं काय झालं ते. मी म्हटलं, घराण्याची रीत आहे. ती नैवेद्य आणायला आत गेली तेवढ्यात बोल्टात मूठभर हळद घातली. वर कुंकू, वर तूप. अंगठ्यानं दाबून दाबून बसवलं.

उद्या सोनं वाटायचंय, त्याआधी आज संध्याकाळीच पारावर सहज सांगून ठेवलं, रायफलीचा यंदा भरवसा नाही. पिनेसाठी परत साताऱ्याला जावं लागणार.