लेफ्ट विंग, मुक्काम पोस्ट झरी

१ जुलै

कॉलेज सोडून आठवडा झाला. पश्चात्ताप शून्य.

कारण लिहून ठेवतो, पुढे माझ्यावर कुणी पुस्तक काढलं तर घोळ नको. बी.एस्सी. सेकंड इयर, परभणी. इंटर-कॉलेज मॅच. स्पोर्ट्सच्या सरांनी माझ्या हातात झेंडी दिली आणि लाइन्समन म्हणून उभं केलं. मला. लेफ्ट विंगरला. मी झेंडी फेकली, पाठोपाठ आय-कार्ड फेकलं. आय-कार्ड नंतर उचलावं वाटलं, पण सगळे बघायलते.

निर्णय : प्रोफेशनल फुटबॉलर होणे. देश : पोर्तुगाल. जर्सी : अकरा नंबर. मुदत : दिवाळी. कारण दिनकरराव दिवाळीनंतर राजनंदिनीला स्थळं बघणार आहेत. दिनकरराव म्हणजे स्टँडजवळचं खतबियाण्याचं दुकान. राजनंदिनी म्हणजे त्यांची मुलगी आणि माझं सगळंच. ती सकाळी काउंटरवर बसते. बातमी सविताने आणली. ती माझी चुलत बहीण, राजनंदिनीची मैत्रीण, आणि आमचं टपाल.

प्लॅन कुणालाच सांगायचा नाही. राजनंदिनीलासुद्धा नाही. थेट पोर्तुगालहून फोटो.

२ जुलै

संकल्प : राग आवरणे.

शाळेच्या ग्राउंडवर क्रिकेटवाले होते. भांडण झालं. मी सुरू केलं नाही, फक्त स्टंप उपटले. ग्राउंड बंद.

आता प्रॅक्टिस आमच्या वावरात, कपाशीच्या दोन ओळींच्या मधून. अण्णांनी अट घातली : एक झाड मोडलं तर एक पाय मोडीन. म्हणजे बॉल सरळ न्यायचा, सरळच पळायचं, बांध आला की थांबायचं. विंगरला आणखी काय लागतं? युरोपात यासाठी मशीन लावतात म्हणे.

५ जुलै, पहाट

रोडने पळालो. दुकानासमोर स्पीड वाढवला. राजनंदिनी शटर उघडत होती. तिने बघितलं. पुढे डांबर उखडलेलं होतं ते मी बघितलं नाही. गुडघा फुटला, पण उठून तसाच पळालो. तिने तेही बघितलं असणार.

हॉटेलपाशी किशनराव बसलेले. भरतीचं करायलास का, म्हणाले. आमच्याकडे पहाटे जो पळतो तो पोलीस भरतीसाठीच, दुसऱ्या कामाला पळताना अजून कुणी कुणाला बघितलेलं नाही. मी हो म्हणालो. आयतंच झाकलं गेलं.

घरीही हेच सांगितलं. माय दूध वाढवून द्यायली.

१४ जुलै

सविता निरोप घेऊन आली. राजनंदिनीने विचारलंय, सोळाशे मीटरला किती टाइम लागायलाय.

मी खाटेवर बसलो. कोणती पोरगी प्रेमात स्टॅमिना विचारते? म्हणजे तिने ओळखलं. मी न सांगता ओळखलं. विंगर एका दमात सोळाशे पळत नसतो, पण तिला पूर्ण मॅचचा दम म्हणायचा असेल. पोरीच्या जातीला एवढं कळतं तेच खूप.

सांग म्हणालो, मोजलं नाही पण लय फास्ट. सविता म्हणाली, फास्ट म्हंजे किती रे येड्या, तिला आकडा पायजे. मी म्हणालो, प्रेमात आकडे नसतात. ती म्हणाली मग कशात असतात, आणि गेली. सविताला स्पोर्ट्समधलं काही कळत नाही.

३ ऑगस्ट

दुसरा निरोप : नुसतं पळू नको म्हणावं, गोळा पण फेक.

दुपारभर विचार केला. फुटबॉलमध्ये गोळा? संध्याकाळी उलगडलं. थ्रो-इन. बॉल लाइनच्या बाहेर गेला की हाताने आत फेकायचा असतो, आणि डाव्या लाइनवर तो कोण फेकणार? मीच. ती माझ्या खेळाचा माझ्यापेक्षा खोल विचार करते. अशी बायको आणि कोच एकाच माणसात मिळणं म्हणजे नशीब.

गोठ्यातला दगड घेऊन दहा-बारा वेळा फेकला. शेवटचा शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला लागला. संकल्प : गोळा नंतर.

२२ ऑगस्ट

कपाशी कमरेच्या वर आली. आता मी पळालो तरी बाहेरून नुसतं वरचं अर्धं अंग दिसतं, बॉल तर दिसतच नाही. अण्णा बांधावर उभे राहून ओरडले, रानडुक्कर हाकलायलास का काय. मोठे खेळाडू प्रेक्षकांना उत्तर देत नाहीत.

सिद्धोधन मात्र रोज येतो. कॉलेजात माझा गोलकीपर होता. आता तो खरोखरच पोलीस भरती करायलाय. मी ओळीतून बॉल आणतो, तो बांधावर गोल अडवायचं सोडून अंकगणित सोडवतो. आज म्हणाला, रुद्र्या, दोघं मिळून फॉर्म भरू, ग्राउंडला सोबत हुईल. मी म्हणालो, पोलीस रस्त्यावर उभा राहतो, विंगर रस्ता काढतो. त्याने विचारलं, कोणता रस्ता. मी पुढे गेलो.

१० सप्टेंबर

राजनंदिनीने पुस्तक पाठवलं. सामान्य ज्ञान. पहिल्या पानावर पेनाने लिहिलंय : रोज दहा पानं.

समजलं. उद्या पत्रकार परिषदेत मी बावळटासारखा बोलू नये म्हणून. पोर्तुगालची राजधानी त्यात शोधून पाठ केली. लिस्बन. बाकी अजून वाचलं नाही, पण पुस्तक उशाला ठेवून झोपतो. मोबाइलवर त्यांची भाषाही सुरू केली. धन्यवादला ओब्रिगादो. आज कंडक्टरला ओब्रिगादो म्हणालो. तो म्हणाला, पास आसंल तर दाखव न्हाईतर तिकीट घे.

१९ ऑक्टोबर

वाईट बातमी. स्थळ आलं, दिवाळीच्या आधीच. शिवशंकर, जिंतूरचा, वीज कंपनीत कायम. स्वतःची गाडी. केस मागून गेलेले, हे सविताने मी विचारल्यावर सांगितलं.

राग आला. घरातल्या विजेच्या मीटरला लाथ मारली. मीटरला काही झालं नाही. उजव्या पायाचा अंगठा सुजला. डावा वाचला, तोच महत्त्वाचा.

२१ ऑक्टोबर, दुपार

सविता सांगायली, राजनंदिनी घरात ठाम बोलली : घाई नको, जानेवारीपर्यंत थांबा. आणि दिनकरराव चक्क बरं म्हणाले.

जानेवारी. तिने दुसरा कोणताच महिना सांगितला नाही. युरोपातल्या क्लबांची खेळाडू घ्यायची खिडकी जानेवारीत उघडते. हे झरीत कुणाला माहीत असणार? मला आणि तिला.

डोळ्यात पाणी आलं. कपाशी वेचताना काहीतरी गेलं म्हणालो.

१६ नोव्हेंबर

देव आहे. मोबाइलवर जाहिरात : परभणीत ट्रायल, निवडलेल्यांना परदेशी क्लबात संधी. तारीख तीस नोव्हेंबर.

सिद्धोधन म्हणतो, भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख पण तीच हाय, आधी अर्ज भर, मग काय नाचायचं ते नाच. मी म्हणालो, वेळ मिळाला तर बघू. दोन्हीकडे पाय ठेवणारा विंगर होत नाही.

संकल्प : ट्रायलपर्यंत भांडण बंद, वडापाव बंद, राजनंदिनीचा विचार फक्त सकाळी.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

ट्रायल दिली. सविस्तर लिहितो, कारण ऐतिहासिक दिवस.

सकाळी बसमध्ये वडापाव खाल्ला, तो एनर्जीसाठी. रांगेतल्या एकाशी भांडण झालं, पण छोटं.

माझा नंबर आला. डाव्या विंगला बॉल मिळाला. मी असा सुटलो की डिफेंडर बघत राहिला. लाइनला चिकटून, नाकासमोर. पुढे गोल उजव्या हाताला होता, तेवढं आत वळायचं. कोच ओरडायला लागले, अंदर काट, अंदर काट.

पाय वळेना.

आत वळायचं म्हटलं की डोळ्यापुढे कपाशी यायची आणि कपाशीच्या मागे अण्णा. मी तसाच सरळ गेलो, गोललाइन ओलांडली, बॉलसकट तारेच्या कुंपणापाशी थांबलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कोचांनी माझ्या पुढ्यात उभं राहून हाताने आत दाखवलं. मी त्यांना वळसा घातला आणि पुन्हा सरळ गेलो. ते म्हणाले, भाई, बस स्टँड उस तरफ है.

पोरं हसली. एकाची कॉलर धरली. मग दोघांनी माझी धरली.

शेवटी कोचांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, घर जाओ, आराम करो. म्हणजे बॉडीला रेस्ट द्यायला सांगितली. फोन नंबर घेतला नाही, पण तो अर्जावर आहेच.

सिद्धोधनाचे दिवसभरात कितीतरी फोन येऊन गेले. ट्रायलमध्ये मोबाइल बंद होता. नंतर चालू केला, पण त्याच्याशी बोलायचा मूड नव्हता. त्याने मेसेज टाकलाय : नेटकॅफेत तुझी वाट बघून मी घरी जायलोय.

१५ डिसेंबर

पोर्तुगाल गप्प. तिकडे नाताळाची धामधूम असेल.

७ जानेवारी

खिडकी उघडली असणार. मोबाइल रात्रंदिवस चार्जिंगला. बॅटरी फुगली.

सविता विचारून गेली, तुझं ग्राउंड कवाय, राजनंदिनी विचारायली. मी म्हणालो, तिकडे ग्राउंडला स्टेडियम म्हणतात आणि तारीख क्लब ठरवतो. ती म्हणाली, रुद्र्या, तुला ताप हाय का.

१३ जानेवारी

सिद्धोधनाचं ग्राउंड झालं. चांगले मार्क पडले म्हणे. पेढे घेऊन आला. मी दोन घेतले. अभिनंदन उद्या करीन.

१७ जानेवारी, सकाळ

राजनंदिनीने बोलावलंय. स्वतः. दिनकरराव माल आणायला परभणीला गेले आहेत. निरोप : काहीतरी घ्यायला आल्यासारखं ये.

इस्त्रीचा शर्ट. माझ्याच तोंडून ऐकायचं असणार. विचारलं तर सांगून टाकीन, पोर्तुगाल.

१७ जानेवारी, दुपार

लिहावं की नाही.

दुकानात गेलो. झिंक मागितलं. तिने पिशवी काढून काउंटरवर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, ग्राउंड कवाय तुझं, सगळ्यांचं होत आलं.

मी म्हणालो, कोणतं ग्राउंड. ती म्हणाली, भरतीचं. मी म्हणालो, मी कुठं भरती करायलोय, मी फुटबॉलर व्हायलोय. लेफ्ट विंगर. परदेशात.

तिने विचारलं, कुठला फुटबॉल.

तिने माझा बॉल कधी बघितलाच नव्हता. बॉल कपाशीत असायचा. तिने बघितला तो रोडने पळणारा मी, आणि आमच्याकडे रोडने पळणारा म्हणजे भरतीवाला. सोळाशे मीटर भरतीचे. गोळा भरतीचा. पुस्तक लेखी परीक्षेचं. जानेवारी ग्राउंडची.

ती हसली असती तर मी भांडलो असतो. ती हसली नाही. म्हणाली, बाबांना मी दिवाळीत सांगितलंतं. तू तापट हाईस, कॉलेज सोडलंस, सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, पोलिसात तापट चालतंय, वर्दी आली तर शिवशंकरला नकार कळवू. थांबले ना रे ते. कुणाला थांबत न्हाईत, तुला थांबले.

मी विचारलं, अर्ज आता भरता येतो का.

ती म्हणाली, तीस नोव्हेंबरला बंद झाला. तू कुठं होतास?

मी सांगितलं. अंदर काट वगैरे सगळं सांगितलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, युरिया विचारायला. तिने त्याला भाव सांगितला. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. गिऱ्हाईक गेलं. ती म्हणाली, मला एकदा सांगायचं तरी होतं, फुटबॉल तर फुटबॉल, मी बाबांना काहीतरी वेगळं बोलले असते.

काय बोलली असती ते विचारायला पाहिजे होतं. मी झिंकची पिशवी उचलली आणि राग आल्यासारखा निघून आलो. राग आला नव्हता.

२६ जानेवारी

काल राजनंदिनीची सुपारी फुटली. शिवशंकर, जिंतूर.

आठवडाभर पळायला गेलो नाही म्हणून किशनराव सकाळी घरी आले. मायने चहा केला. खाटेवर बसून त्यांनी विचारलं, कसं रे, काय झालं भरतीचं.

मी म्हणालो, छाती कमी भरली.

ते हळहळले. किती कमी, म्हणाले. मी बोटाने दाखवलं, थोडीशीच. ते मायला म्हणाले, पोराची चूक न्हाई, छाती देवाच्या हातात असतीय. माय पदराने डोळे पुसायली.

मी मान हलवली आणि त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.