हिरल मावजीभाई हिच्या नवऱ्याचं नाव भरण्याबाबत

मु. पो. खाराधार,
फागण सुद पाचम, बुधवार

स्वस्तिश्री अमदावाद मुक्कामी सुखाने नांदणारे, आमच्या घरचे सर्वांत मोठे मानकरी, जमाईराज चिंतनकुमार यांना खाराधारहून अमथालाल रावळचे आणि घरातल्या सर्वांचे जय श्रीकृष्ण.

आम्ही इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. एरवी गेले तीन आठवडे माझं डोकं तापलेलं आहे आणि तुमच्या सासूबाई माझ्याशी बोलताना आधी मधे दार ठेवतात. तुमच्या पित्ताचं कसं आहे? आमची जिगीषा म्हणत होती की ऑफिसातून येता ते तोंड कडू करूनच. रात्री धणे भिजत घाला, सकाळी ते पाणी गाळून घ्या, आणि ते बाहेरचे शेव-उसळ बंद करा (हे सासूबाईंनी लिहायला सांगितलं, माझं काही म्हणणं नाही, शेव-उसळ मलाही आवडते). मेथीचे लाडू बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवले आहेत. दोन कमी निघाले तर ड्रायव्हरला बोलू नका, तो चांगला माणूस आहे. आणि हे आधीच सांगतो की या पत्रात मागणी काही नाही. जिथे मुलगी दिली तिथे हात पसरायचा नाही, हे आमच्या वडिलांनी आम्हाला दूध-भाकरीबरोबर भरवलं आहे. तुम्ही कॉम्प्युटरमधले, तुम्हाला या लोकांची जात ठाऊक, म्हणून फक्त मन मोकळं करतो.

आमच्या शाळेत, म्हणजे जिथे मी एकतीस वर्षं मास्तर आणि त्यातली बारा वर्षं मुख्य मास्तर आहे तिथे, पहिली ते आठवीची एकशे त्रेचाळीस मुलं. यातली सत्तावीस आगरियांची. नवरात्र उरकलं की ही मंडळी बायकापोरांसकट खाऱ्या रणात मीठ पिकवायला जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुलं तिकडे तंबूतल्या शाळेत शिकतात, नावं मात्र आमच्या पटावर. हा पट मी तळहातावरच्या फोडासारखा जपला. एकदा छत गळलं तेव्हा माझ्या अंगावरचा कोट काढून त्यावर घातला (मी भिजलो, न्यूमोनिया झाला, पट कोरडा). तर आता हुकूम आला की पट बंद, सगळं नव्या पोर्टलवर. तालुक्याला एक दिवस शिकवणी झाली. एका गोऱ्यागोमट्या मुलाने सांगितलं की तुम्ही फक्त यादीची फाइल चढवा, दर सोमवारी मशीन आपोआप सगळं आत घेईल, काळजी मशीनची. मग गाठिया आले आणि पुढचं कोणी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात गुरं घेऊन मालधारी आले, गावाबाहेर उतरले. त्यांची अकरा पोरं मी शाळेत घातली (पकडून घातली म्हणा, त्यातली दोन बाभळीवर चढली होती). अकरा नवी नावं म्हणून अकरा नावांची सुबक यादी केली आणि फाइल चढवली. सोमवारी पोर्टल उघडलं तर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: काम यशस्वी, अडचण शून्य, शाळेतील एकूण विद्यार्थी अकरा. बाकीची एकशे त्रेचाळीस मुलं शाळा सोडून गेली. त्यातली एकशे सोळा तर माझ्या समोर बसून पाढे म्हणत होती, आणि गेली.

आता तुम्हीच सांगा, ही कुठली रीत? घरी चार पाहुणे येणार म्हणून मी बायकोला चार नावं सांगितली, तर ती घरातल्या सगळ्यांना मेलेलं समजून चारच रोटले थापते का? नवं काय ते कळवायचं, जुनं असतंच, एवढी अक्कल आमच्या शिपायाला आहे. वशराम दुसरी नापास आहे, पण त्याला अकरा खुर्च्या आण म्हटलं तर आधीच्या खुर्च्या तलावात टाकून येत नाही. ज्या गाढवाने हे मशीन शिकवलं त्याला कोणी तरी एकदा वशरामपाशी शिकवणीला बसवावं.

मदतीच्या नंबरावर फोन केला. एक बेन मोठ्या गोड आवाजात म्हणाली, "सर, फाइलमध्ये नाही म्हणजे शाळेत नाही." मी म्हटलं, बेन, तुमच्या फाइलमध्ये मी तरी आहे का बघा. तिने खरंच बघितलं. म्हणाली, "नाही सर, तुम्हीही नाही." तोवर जेवण बनवणाऱ्या मंगूबेनकडे अकराच ताटांचं धान्य आलं. ती कमरेवर हात ठेवून शाळेच्या दारात उभी, आणि विचारते की कोणत्या अकरांना वाढू ते बोट दाखवून सांगा. त्या आठवड्यात आम्ही घराघरातून बाजरी गोळा करून पोरांना जेवू घातलं. मशीनच्या हिशेबी एकशे सोळा भुतं जेवली.

पुढे एकशे चोपन्न नावांची पुरी यादी चढवली. जी मुलं त्या आठवड्यात वर्गात हजर होती ती परत आली. रणातली सत्तावीस अडकली, कारण गेलेलं मूल परत आलं हे मशीनला पटायला त्याने मोबाइलपुढे उभं राहून तोंड दाखवायचं असतं. म्हणजे घालवताना मशीनने कुणाचं तोंड पाहिलं नाही, आणि परत घेताना मात्र नवी सून आल्यासारखं निरखायचं. मी आणि वशराम मोटरसायकलवर बावीस किलोमीटर रणात गेलो (माझ्या कमरेचं काय झालं ते सासूबाईंना विचारा, शेक त्या देतात). तिथे मिठावरून ऊन असं उसळतं की माणूस डोळे किलकिले करूनच जन्म काढतो. मशीन म्हणे, डोळे बंद आहेत, पुन्हा प्रयत्न करा. शेवटी सौर पंपाच्या पत्र्याच्या सावलीत एकेकाला उभं केलं, वशरामने डोक्याचं फाळियुं सोडून वर धरलं, आणि संध्याकाळपर्यंत सव्वीस पोरं पुन्हा शाळेत आली. मावजीभाईंच्या बायकोने काळा चहा आणि लसणाची चटणी-रोटला दिला. टँकर आठ दिवसांनी येतो, तरी पाण्याला नाही म्हणाली नाही.

सत्ताविसावी त्यांचीच हिरल. आठवीत आहे. जमाईराज, एकतीस वर्षांत इतकी हुशार पोर मी पाहिली नाही. मिठाच्या पाटात दाताळं ओढता ओढता घन आणि घनमूळ तोंडपाठ करते. गावात शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी, आणि ती पोर्टलवरच्या नंबराशिवाय मिळत नाही. जागा नाही मिळाली तर मावजीभाई तिला रणात ठेवणार. त्यांचं चूक म्हणत नाही मी, तेरा-चौदाची मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवतील? तिचं तोंड मशीनने ओळखलं, डोळे उघडे आहेत हेही मान्य केलं. मग लिहून आलं: या विद्यार्थिनीने शाळा सोडण्याचं कारण, लग्न. परत घेण्यासाठी पतीचं नाव भरा. रकाना रिकामा सोडता येत नाही.

मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. मावजीभाईंनी हातातलं फावडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "कुणाशी लावलंत, मास्तर? आम्हाला जेवायला तरी बोलवायचं होतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो माणूस हसत नव्हता. वशरामने हळूच सुचवलं की कुणाचंही एक नाव भरून टाकू, मशीनला काय कळतंय. आणि ती हिरल, चिंतनकुमार, ती पोर दाताळ्यावर हनुवटी टेकून म्हणते, "सर, त्याचंही नाव यादीतून गेलं असेल."

मोबाइल बंद केला आणि आलो. वसतिगृहाचा नियम असा की लग्न झालेल्या मुलीला जागा नाही. सरपंचांकडे गेलो, ते म्हणाले लग्न झाल्याचा दाखला देतो, न झाल्याचा आजवर कुणी मागितला नाही. तरी शिक्का मारून दिला बिचाऱ्यांनी. गोड आवाजाच्या बेनला सांगितलं तर ती म्हणाली की असा दाखला चढवायला पोर्टलवर जागाच नाही, ते कारण ज्याने मशीनमध्ये घातलं तोच काढू शकेल. तो कोण? ते तिला माहीत नाही. थंडगार खोलीत बसून तेरा वर्षांवरच्या प्रत्येक पोरीचं लग्न लावणारा हा कोण गोरभटजी? मुलगा गेला तर मशीन लिहितं मजुरीला, मुलगी गेली की लग्न. त्याला स्वतःची बहीण नाही? आई नाही? एकदा माझ्यासमोर आणा, पट्टीने बोटं लाल करतो की नाही बघा.

असो. मन हलकं झालं. तब्येतीला जपा, धण्याचं पाणी विसरू नका. जिगीषाला आशीर्वाद.

आपला,
अमथालाल रावळ

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात जिगीषाचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली की ते पोर्टल तुमच्याच कंपनीचं, आणि कारणांचा तो भाग तुम्हीच बनवलाय. पाच पानं पुन्हा लिहायला कागद नाही, म्हणून आहे तसंच पाठवतो. गाढव वगैरे जे आलं आहे ते, तुमच्या वरातीत आमच्या बायकांनी तुमच्यावर चिडवायची फटाणी गायली होती ना, त्यातलंच एक राहून गेलेलं समजा. त्या दिवशी तुम्ही हसला होतात. बाकी, मागणी नाही असं लिहिलं होतं, तर आहे. हिरलचं लग्न मोडून द्या. वसतिगृहाचा फॉर्म शनिवारी चार वाजता बंद होतो.

ता. क. दुसरा. तुमच्या सासूबाईंनी आत्ता आठवण करून दिली. दिवाळीत तुम्ही इथे ओट्यावर बसून मला विचारलं होतं, पप्पा, मुलं शाळा का सोडतात? मी शेंगा सोलत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हटलं, त्यात विचारायचं काय, मुलगा मजुरीला आणि मुलगी लग्न. तुम्ही ते मोबाइलमध्ये टिपून घेतलंत. मला वाटलं मेसेज बघताय. म्हणजे मशीनला ते मीच शिकवलं. मग जुना पट काढून बसलो. बावन्न मुलींच्या पुढे माझ्या हस्ताक्षरात 'लग्न' लिहिलेलं आहे, आणि त्यातल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं. मंगूबेनचं नावही त्यात आहे. आज तिला विचारलं. तेव्हा आई आजारी होती म्हणून ती घरी राहिली होती, आणि आईला बरं वाटल्यावर परत आली तर मास्तरांनी नाव काढलेलं. लग्न सात वर्षांनी झालं. हिरलचं तेवढं तुम्ही बघा.