दोनशे एकेचाळीस

एहिमारे, मला न विचारता लेकीला शिवणयंत्रावर बसवलंस आणि आता आईचा फोनही उचलत नाहीस! म्हणून लागोसच्या बसड्रायव्हरच्या हाती हे पत्र देते आहे.

इथे लागोसला तुझ्या भावाकडे सगळं बरं आहे. त्याचं बाळ बाळसं धरतंय. माझा गुडघा होता तसाच आहे. तुमची कोनफळं काढून झाली का?

आता ऐक. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत ओमोयेला चारशेपैकी दोनशे एकेचाळीस पडले, तर तू तिला म्हणालास, "बाकीचे एकशे एकोणसाठ कुठे सांडलेस?" वरच्या मजल्यावरच्या अदेबिसी मास्तरीणबाईंना मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, हा शाळेचा पेपर नव्हे. इथे आपल्या मागे किती पोरं आहेत ते बघायचं. निम्म्याहून जास्त पोरं दोनशेलाही पोचत नाहीत."

आणि तू काय केलंस? चर्चमध्ये दुसऱ्यांची पोरं चांगले गुण पडले म्हणून देवाचे आभार मानायला नाचत पुढे गेली, त्यांच्यासाठी टाळ्या पिटल्यास. आपली मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

मीही फोनवर तिला "ढ आहेस" म्हणाले. ते माझं मी तिच्याशी निस्तरीन.

विद्यापीठाची आणखी एक चाचणी असते. तिचा अर्ज शुक्रवारी बंद होतो. तिला यंत्रावरून उठव, नाहीतर घरी आल्यावर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही.

तुझी आई

उत्तर तू लिहायचं नाहीस. अर्ज भरल्यावर ओमोयेनेच लिहायचं आणि याच ड्रायव्हरच्या हाती द्यायचं.