चार बोटांचा ठसा

डोंबिवली, मंगळवार, संध्याकाळ

घराच्या किल्ल्या सकाळी पुन्हा तूरडाळीच्या डब्यात सापडल्या. मी ठेवल्याचं आठवत नाही. मग कोणी? मुलगा परवाच म्हणालेला, "बाबा, असंच चाललं तर सईला शाळेतून आणायला तुम्ही जाऊ नका."

नातीला मी रद्दीतल्या जुन्या रहस्यकथा वाचून दाखवतो. अडखळत वाचतो, तरी तिला त्याच हव्यात. त्यातला विक्षिप्त गुप्तहेर जमिनीवर पावडर टाकून चोर पकडतो. किल्ल्या लपवणारा चोर पकडायला काल रात्री तिनेही ओट्यापुढे टाकली. पावडर माझीच, मीच हसत दिली.

सकाळी त्या पावडरीत ठसा होता. डाव्या पायाचा, चार बोटांचा. माझी करंगळी मानपाड्याच्या कारखान्यात गेली, तोच पाय.

सईने ठसा बघितला, मग माझा पाय. हातानेच सगळी पावडर पुसून टाकली.

"सापडला का गं चोर?" मुलाने विचारलं.

"नाही पप्पा. हुशार आहे तो."

वाचवलं पोरीने. पण दुपारी शाळेतून येताना माझा हात घट्ट धरून चाललेली. वळणावर हळूच म्हणाली, "आजोबा, इकडून."

रस्ता मला माहीत होता. होता ना?