सूप गार होईपर्यंत

३ जून, सोमवार

झालं एकदाचं! यांच्या घशातली गाठ काढली. साधीच निघाली — डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी तरी तिसऱ्यांदा विचारलं. दहा दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंही नाही. 'पण आवाज येईल ना?' 'येईल बहुधा. कसा येईल, ते तेव्हाच कळेल.' बहुधा म्हणे!

वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली — 'ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!' घसा तरी किती सोसणार? आवाज गेला तर नोकरी गेली. आणि रविवारी चर्चमधलं बायबलचं शास्त्रवाचनही. यांना तेच जास्त लागेल.

४ जून

चर्चच्या पाळकांनी मला ही वही दिली. रोज एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे, तीच गोष्ट पुन्हा लिहायची नाही. ठीक. आजचं — प्रभू, घरात शांतता आहे, आभार. (वही पाळकांना दाखवायची नाही!)

शिवाय सूप गरम मिळेल असं वाटलं होतं. लग्न झाल्यापासून जेवणाची प्रार्थना हेच करतात. आजारी शेजारी, पाळक, सगळे शिकाऊ ड्रायव्हर — एकेकाचं नाव घेऊन! तोवर सूपवर साय धरते. आज मी चमचा उचलला, तर यांनी टेबलावर टकटक केलं. बोलण्याऐवजी दिलेल्या पाटीवर लिहिलं, 'प्रार्थना?' आणि पाटी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे! मी चारचौघांत कधी प्रार्थना केलेली नाही. माझी प्रार्थना शिलाई मशीनवर, तोंडात टाचण्या धरून, मनातल्या मनात. 'उद्या,' म्हटलं.

५ जून

उद्या उजाडला. डोळे मिटले. आठवली ती लहानपणची झोपतानाची. 'हे बापा, दिवस संपला, आम्हाला शांत झोप दे. आमेन.' भर दुपारी साडेबाराला!

'आई, मला दीडला कॉलेज आहे!' लेक म्हणाली. यांचे खांदे गदगदा हलत होते — हसायलाही बंदी ना! पाटीवर उमटलं, 'झोप मंजूर.'

आभार — हे हसले.

७ जून

जमलं! मशीनवर करते तशीच केली. समोर दिसेल त्याबद्दल उपकार मानत गेले — टेबल, खुर्च्या, लेकीने स्वतःच कापलेले वाकडेतिकडे केस. 'आई!!' पाटीवर, 'वाहवा.'

९ जून, रविवार

शास्त्रवाचन दुसऱ्याच कुणी केलं. हे पानावर बोट ठेवून ओठ हलवत होते. मला बघवेना.

आज आभार सुचत नाहीत. पान कोरं सोडते — असं लिहिलं, तर ते कोरं कुठे राहिलं!

१२ जून

शांतता नकोशी झाली आहे. 'माझा चष्मा कुठे गेला?' ही आरोळी ऐकायला कान आसुसलेत. लेक म्हणते, 'आई, तूही बाबांसारखी प्रार्थना लांबवायला लागलीस!' मी!

उद्या दवाखाना. भीती वाटते. आभार — भीती कुणाला सांगावी ते मला माहीत आहे.

१३ जून, दुपार

गिऱ्हाइकाचा लग्नाचा गाऊन आजच शिवून द्यायचा होता, म्हणून हे सकाळी एकटेच गेले. जेवायच्या वेळेला आले, मुकाट बसले. पाटी कोरी. विचारायचं धाडस होईना. डोळे मिटले.

'बापा, यांचा आवाज आला तर तुझे उपकार. नाही आला तर... मी रागावेन. पण रोज इथे बसून आम्हा दोघांच्या वाटचं मी बोलेन. येशूच्या नावात—'

'आमेन.'

घोगरा, चिरका. पण यांचाच!

दहा वाजल्यापासून आवाज होता! वाटेत दूधवाल्याशी गप्पासुद्धा मारून झाल्या! 'मग आल्या आल्या सांगायचं ना!' मी रडत ओरडले.

'तुझी प्रार्थना ऐकायची राहिली असती गं.'

'बरं, आता तुम्ही करा.'

केली. शेजारी, पाळक, शिकाऊ ड्रायव्हर, दूधवाला, मी. सूप पार गार झालं.

आभार.