थंड उन्हाळ्याचा करार

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कॉम्प्रेसरच्या घरघरीने तुझे कान नेले, पण अक्षर अजून शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं आहे. फोनवर मी ओरडले की ऑफिसातले सगळे माना वर करतात, त्यामुळे तुझा पत्रांचा हट्ट मला मनापासून मान्य आहे.

गेले दोन उन्हाळे ढगाळ गेले आणि आजोबांचं आइस्क्रीमचं दुकान कसंबसं तगलं. तिसराही तसाच गेला तर काय, हे तू लिहिलं नाहीस, तरी मला वाचता आलं. म्हणून एक सुचवते, हसू नकोस. आमचं ऑफिस हवामानावरचे करार विकतं. तू काही रक्कम आधी भरायचीस. मग एप्रिल-मे महिन्यांत ज्या ज्या दिवशी वेधशाळेतला पारा ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार नाही, त्या त्या दिवसाचे पैसे तुझे. दुकानात येऊन कोणी नुकसान मोजत नाही की पुरावे मागत नाही. पारा बोलला की झालं. ऊन कडक पडलं तर भरलेले पैसे गेले, पण मग तुझं आइस्क्रीम खपलेलं असेल. मधेच मन बदललं तर करार मोडून थोडे पैसे परत घेता येतात, किंवा हवा तर आणखी घेता येतो. दोन्हीला तुझ्या हातची चिठ्ठी पुरे.

बाबा ठीक आहेत. निवृत्त झाल्यापासून ते आईला स्वयंपाक शिकवतात, म्हणून आई बरेचदा बाहेर असते.

तुला नमस्कार, आणि मोठ्या फ्रीझरला माझ्या नावाने एक टपली.

तुझी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल दुकान जरा लवकर वाढवलं आणि तुझं पत्र घेऊन बसले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला. ज्या दुकानात वाईट शब्द तोंडातून काढायची चोरी, त्या दुकानाच्या मालकिणीने थंड उन्हाळ्यावर पैसे लावायचे! तुझे आजोबा असते तर त्यांनी तुला काउंटरवरून खाली उतरवलं असतं. वीज गेली तरी ते गेली म्हणत नसत, दिवे येताहेत म्हणत. आम्ही दोघं भावंडं अंधारात बसून खिदळायचो. तुझा बाप नोकरीत गेला आणि सुटला. मला मात्र ती बोली चिकटली ती चिकटलीच.

मग दुसऱ्यांदा वाचलं. त्याचं कारण सांगते. आपले कारागीर मशिनीजवळ आले आणि इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षाचं काय धरू. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा हा माणूस, त्याने असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी उगीच व्हॅनिलाच्या बाटल्या मोजत बसले. हे दुकान गेलं तर मी दुसरं काही करू शकेन की नाही ते माहीत नाही, पण करावंसं वाटणार नाही हे नक्की.

तेव्हा घे तो करार. पैसे पाठवते आहे. फक्त एक सांग, आता मी सकाळी उठून ऊन मागू की ढग? दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या माणसासारखं वाटतंय मला.

जपून राहा. जेवत जा. आठवण ठेव, आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. ऊन असं तापलंय की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा आपल्या दारातून हलत नाही, फ्रीझरच्या फटीतून येणारा गारवा खात पडलेलं असतं. दुकानात उभं राहायला जागा नाही. लिंबाचं सरबत दुपारपर्यंत संपतं. शेजारचा शिंपी आपल्या गिऱ्हाइकांची मापं आमच्या रांगेतच घेतो, म्हणतो तुमचा नंबर येईपर्यंत माझं काम होतं. कारागीर चक्क शीळ घालतात.

एक काम कर. आपला तो करार आता वाढव. उशीर नको, हीच वेळ आहे. हीच माझी चिठ्ठी समज.

बापाला सांग, बायकोला शिकवायचं थांबव आणि इकडे येऊन कप विसळ.

बाकी क्षेम. सवडीने मोठं पत्र लिहीन, तोवर रुसू नकोस.

तुझी,
आत्या

२३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी साहेबांना दाखवली. ते म्हणाले, बाईंनी वेळ बरोबर साधली. करार त्याच दुपारी वाढवला. पैशांचं मनावर घेऊ नकोस, ते मी इकडे बघते. शाळेच्या सुट्ट्यांत मी तुझं जेवढं आइस्क्रीम फुकट खाल्लं त्याची ही कुठे फेड होणार आहे?

हो, एक विचारायचं राहिलंच. फेब्रुवारीच्या पत्रात तू दुकान वाढवलं असं ओझरतं लिहिलंस, पण काय वाढवलं ते सांगितलं नाहीस. नवी बाकडी आणलीस का? आणि एका संध्याकाळीत वाढवलंस ते कसं?

बाबांना तुझा निरोप दिला. कप विसळण्याचा विषय निघताच ते पेपर उघडून बसले.

माझ्यावरची माया उन्हात वितळू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी

१३ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

थट्टा पोचली. आत्याच्या बोलीची टिंगल करायची खोड तुला बापाकडूनच आली. करार वाढवलास ते कळलं. कराराचं जे झालं ते माझ्या डोक्याने झालं, त्याचा बोल तुला कधीही नाही, हे आधीच लिहून ठेवते.

महिना लागला आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं राखेच्या रंगाचं आभाळ. लोक गळाबंद कपडे घालून दुकानासमोरून जातात आणि आत बघतसुद्धा नाहीत. मी दारात उभी राहून त्यांना ओळखीचं हसते. तेही हसतात आणि पुढच्या कोपऱ्यावर चहा प्यायला जातात. परवा एक लहान मुलगी काचेला नाक लावून उभी होती. आई तिला म्हणाली, खोकला होईल. काय बोलणार, होईलही.

तर भिंगरे, मी दुकान वाढवायचं ठरवलं आहे. या महिन्याच्या अखेरीस. शेजारच्या शिंप्याशी जागेचं बोलणं झालंय. आजोबांची पाटी खाली उतरवावी लागेल, ती तुला हवी असेल तर सांग, ठेवून देते. कारागिरांना सांगितलं तेव्हा ते धुतलेलंच भांडं पुन्हा पुसत राहिले. अजून घरात कोणाला कळवलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहिते आहे. एवढा मोठा निर्णय मी एकटीने कधी घेतला नव्हता. रात्री झोप लागत नाही, पण मन घट्ट केलं आहे.

तुझी माया आहे, तिची आता गरज लागेल.

आत्या

१९ मे

ती. आत्यास,
साष्टांग, दंडवत, आणि वर एक उडी!

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात टाळी वाजवली. अगं, काय बाई आहेस! बाहेर असं आभाळ, गिऱ्हाईक चहाला पळतंय, आणि तू दुकान वाढवायला निघालीस! शिंप्याची जागा मिळाली म्हणजे दारापासून कोपऱ्यापर्यंत आपणच. पाटी तर नवी, लांबलचक कर, जुनी मी आनंदाने घेऊन जाईन. कारागीर तर आनंदाने भांडी चमकवत बसले असणार. आणि कराराचं श्रेय म्हणशील तर ते सगळं तुझ्याच डोक्याला, मी फक्त कागद हलवले. माझ्याकडेही एक बातमी आहे, पण ती महिनाअखेरीला.

आज संध्याकाळी बाबांना पत्र वाचून दाखवते. बघच ते कसे नाचतात.

अभिमानाने फुगलेली,
भिंगरी

२० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कालचं पत्र तुझ्या हाती पडलं असेल तर फाडून टाक. पडलं नसेल तर उघडू नकोस.

बाबा नाचले नाहीत. मी पत्र वाचत होते आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला विचारलं की तू कशाबद्दल एवढी हसते आहेस. त्यांनीच सांगितलं की आजोबांच्या दुकानात बंद हा शब्द नव्हता. रोज रात्री दाराच्या फळ्या लावल्या की (सुट्टीत मी तोवर झोपलेली असायचे) दुकान वाढवलं म्हणायचे, बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचे. बाबांना हे सगळं येत होतं, आणि आमच्या घरात त्यांनी ते कधी बोलूनच दाखवलं नाही. याबद्दल मी काल त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, माझ्याकडे होतंच काय वाढवायला, ऑफिस तर शिपाई बंद करायचा.

आत्या, तू दुकान कायमचं बंद करते आहेस, आणि मी टाळ्या वाजवल्या. मला फार लाज वाटते आहे.

पण आता शांतपणे वाच. एप्रिलमध्ये तू करार वाढव असं लिहिलंस. तुझ्या मनात होतं, बंद कर. मी वाचलं, आणखी घे. मला वाटलं, आत्या किती हुशार, ऊन तापलं की असे करार स्वस्त होतात हे तिला बरोबर कळलं! म्हणून मी माझे पैसे घालून आणखी एक तसाच करार तुझ्या नावावर घेतला. आपला करार बंद झालेलाच नाही. तो दुप्पट झाला आहे. हा महिना लागल्यापासून पारा ठरलेल्या आकड्याला शिवलेला नाही, आणि प्रत्येक ढगाळ दिवस तुझ्या खात्यात जमा होतो आहे. हीच ती बातमी होती.

दोन गेलेल्या उन्हाळ्यांचं सगळं काही त्यातून भरून निघणार नाही. पण कारागिरांना पुढच्या वर्षाचं उत्तर देता येईल, एवढं नक्की आहे. शिंप्याला थांबव. पाटी उतरवू नकोस.

माझ्यावर रागाव, पण लगेच लिही.

तुझी,
भिंगरी

२८ मे

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोस्टमनने एकदमच दिली. मी उड्यांचं आधी उघडलं. काउंटरमागच्या स्टुलावर बसून रडले. वाटलं, पोरगी शहरात जाऊन इतकी कोरडी झाली? मग दुसरं उघडलं, आणि आधी काही कळेना, आणि कळल्यावर इतकी हसले की कारागीर पाण्याचा पेला घेऊन धावत आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की मालक असते तर म्हणाले असते, बघा, चांगलं बोललं की चांगलं होतं. मग ते आत जाऊन मशीन लावून आले. गिऱ्हाईक एकही नव्हतं, पण मी अडवलं नाही.

शिंप्याला नाही म्हटलं. तो जरा हिरमुसला, मग त्याने चॉकलेटचा मोठा कप मागितला आणि थंडीत कुडकुडत संपवला. पाटी जागेवर आहे.

आता नीट ऐक. पहिला करार माझ्या पैशांचा, त्याचं जे येईल ते मी घेईन. दुसरा तुझ्या पैशांचा, त्यावर माझा हक्क नाही. मी मोड म्हणाले होते, ते मी विसरणार नाही. तू परत घेणार नाहीस हेही मला माहीत आहे, बापाची लेक आहेस. म्हणून ते पैसे दुकानात घालते आणि तुला भागीदार करते. पाटीवर आजोबांच्या नावाखाली 'आणि नात' असं लिहून घेतलंय, रंग अजून ओला आहे. पुढच्या वर्षी करार घेऊच, पण तेव्हा मी बंद म्हणजे बंद असं चक्क लिहीन. आजोबा मला माफ करतील.

दुकान मात्र रोज रात्री माझ्याच बोलीत वाढवणार. तू सुट्टी घेऊन ये, फळ्या लावायला शीक. भागीदाराला तेवढं यायला हवं. बापालाही आण, कप वाट बघताहेत.

कळावे. लोभ आहे, तो वाढवावा. इथे मात्र फक्त तुझा अर्थ.

तुझी,
आत्या