वच्छलाआत्याचा डबा

ती. आत्याले,

कामिनीचा इकडूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रामटेकच्या पायऱ्या यंदा चढू नको म्हटलं होतं, म्हणजे चढलीच असशील. आम्ही नेदरलँडात मजेत आहोत. धर्मेंद्र सायकलनं ऑफिसात जाते (पोट होतं तिथंच आहे), अपेक्षा शाळेत रमली, अन् मी घरातल्या घरात कपडे वाळवायचं शिकून राहिली.

आता डब्याचं. गेल्या खेपेस फोनवर तू माझी तब्येत विचारली नाही, पोरीची विचारली नाही, 'माझा डबा कोणासोबत पाठवून राहिली?' एवढंच विचारलं. विमानतळावर लाडू भरून देतानाच तू बजावलं होतं की लाडू खाऊन टाका, डबा परत पाहिजे. मी कारण सांगाले लागली, तर तू मोबाइल असा धरते की मले छताचा पंखाच दिसते. म्हणून कागदावर लिहून राहिली. पायल, तुझ्या सासूबाईले पूर्ण वाचून दाखव, मधलं गाळू नको.

त्याचं असं झालं. इथं कोणी कोणाकडं न सांगता जात नाही. चहाले बोलवायचं तरी पंधरवडा आधी तारीख ठरवतात. आल्यापासून आमची घंटी फक्त पार्सलवाल्यानं वाजवली. (एकदा मी त्याले पाणी विचारलं, तर बिचारा गडबडून पार्सल न देताच निघून गेला.) शेवटी मले राहवलं नाही. तुझा डबा घासला, चिवडा भरला अन् समोरच्या आनके आजीले नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या दाराशी. धुतलेला, पुसलेला, चकाचक. अन् रिकामा.

आता तूच सांग, तुझ्या हाताखाली वाढलेल्या पोरीनं काय समजावं? भांडं रिकामं परत दिलं म्हणून तू शेजारच्या शोभाताईशी वर्षभर बोलली नव्हती. मी जिन्यात बसून रडली. चिवडा तिखट झाला काय, अपेक्षा जास्त उड्या मारते काय, फोडणीचा ठसका त्यांच्या घरात गेला काय, धर्मेंद्रनं सारी कारणं काढली अन् प्रत्येकात दोष माझाच निघाला. मंग तो फुलं घेऊन माफी मागाले गेला. आजीले वाटलं आमच्या घरी कोणी वारलं. तिनं धर्मेंद्रले खुर्चीत बसवून त्याचाच हात थोपटला.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, की आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. इथंच घात झाला बापा. हे लोक रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलले थांबतात. नियम म्हटला की विषय संपला. आजीनं तो नियम कागदावर लिहून जिन्यात चिकटवला. तेव्हापासून तुझा डबा बिल्डिंगभर फिरून राहिला. आजीनं वाटाण्याचं सूप दिलं, मी त्याच डब्यात वरच्या बाईले आलुबोंडे दिले, तिनं तिच्या वरच्याले केक दिला. तो म्हातारा एकटा राहते, त्याले स्वयंपाक येत नाही. त्यानं आम्हाले डबाभर स्क्रू दिले. (धर्मेंद्रले ते आलुबोंड्यांपेक्षा आवडले.)

डब्यावर तुझं नाव टाकलेलं आहे न? आजीनं विचारलं काय लिहिलं, मी वाचून दाखवलं. आता सारे डब्यालेच वच्छला म्हणतात. वच्छला या आठवड्यात कोणाकडं आहे, असं भर जिन्यात विचारतात. रामटेकच्या पलीकडं न गेलेली माझी आत्या इथं रोज वरखाली करून राहिली, तेही गुडघे न दुखता. अन् त्या निमित्तानं आमची घंटी वाजते. तारीख न ठरवता वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी गॅस चालू ठेवून पळत गेली.

म्हणून डबा पाठवता येत नाही. नवा घेऊन देईन, त्यावर नावही टाकून देईन. रागावू नको.

तुझी,
कामिनी

ता.क. नवा डबा तुले चालणार नाही, ठाऊक आहे मले.

ता.क. दुसरा. ही वच्छला आहे तरी कोण, असं आजीनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की ती येत्या एप्रिलमध्ये इकडं येऊन राहिली. तिनं तिथंच कॅलेंडरवर लिहून टाकलं. इथं लिहिलेली तारीख कोणी मोडत नाही. पासपोर्टचं पायल पाहील, माझं तिच्याशी ठरलं आहे (म्हणून तर वाचताना हसून राहिली ती). तुझ्याशिवाय करमत नाही वं आत्या. फोनवर हे पंख्याले कसं सांगू?

ता.क. शेवटचा. धर्मेंद्रच्या ऑफिसातला रजत पुढच्या आठवड्यात नागपूरले येऊन राहिला. त्याच्यासोबत डब्याचं झाकण पाठवते. रिकामं नाही, पुडीत चिमूटभर साखर बांधली आहे. आता झाकण परत द्यायची पाळी तुझी.